कृषी आयुक्तांना खुले पत्र : ट्रॅक्टरचा भावही जाहीर होऊ द्या

मा. कृषी आयुक्त,
महाराष्ट्र राज्य, पुणे.

महोदय,


लासलगावला आज कांदा काय भावाने गेला, हे मला तासगावात बसून संध्याकाळपर्यंत कळतं. पणन मंडळाच्या संकेतस्थळावर किमान, कमाल आणि सर्वसाधारण असे तीन आकडे लागतात. बेदाणा, हळद, सोयाबीन, सगळ्यांचं तसंच. शेतकऱ्याच्या मालाचा भाव अख्ख्या राज्यासमोर उघडा असतो. तोच शेतकरी माल विकून हाती आलेल्या पैशात छोटा ट्रॅक्टर घ्यायला शोरूममध्ये गेला की भाव गुपित होतो. चार ते सात लाखांची वस्तू आहे. घर आणि विहीर सोडली तर अनेकांच्या आयुष्यातली सगळ्यात मोठी खरेदी. पण शेजारच्या तालुक्यात तेच मॉडेल कितीला गेलं, हे विचारायला पाहुण्यारावळ्यांना फोन करण्यापलीकडे काही मार्ग नाही.

माझी मागणी सुरुवातीलाच मांडतो. महाडीबीटी पोर्टलवर ट्रॅक्टरच्या अनुदानासाठी निवड झालेला प्रत्येक शेतकरी विक्रेत्याचं दरपत्रक अपलोड करतो आणि खरेदी झाल्यावर बिल अपलोड करतो. म्हणजे कोणतं मॉडेल कोणत्या जिल्ह्यात किती रुपयांना विकलं गेलं, याचे कागद आपल्या खात्याकडे आधीच जमा आहेत. शेतकऱ्याचं नाव-गाव झाकून ते आकडे मॉडेलनिहाय आणि जिल्हानिहाय दर महिन्याला जाहीर करा. किमान, कमाल, सर्वसाधारण. त्यासाठी नवा कायदा लागत नाही. दरपत्रकाचा एक ठरलेला नमुना मात्र लागेल, आणि तो काढणं आपल्या अधिकारात आहे.

या मागणीमागे काय आहे, ते सविस्तर सांगतो.

आमच्या भागात द्राक्षाची लागण साधारण नऊ बाय पाच फुटांवर असते. मोठा ट्रॅक्टर त्या ओळीत शिरला तर फांद्या मोडतो आणि मांडवाच्या तारांना अडतो. म्हणून अठरा ते तीस एचपीचा, अरुंद आणि बुटका ट्रॅक्टर लागतो, शक्यतो फोर व्हील ड्राइव्ह. त्याला मागे ब्लोअर जोडायचा आणि फवारणी करायची, हे त्याचं मुख्य काम. ऑक्टोबर छाटणीनंतर पोंग्यापासून फुलोऱ्यापर्यंतच्या दिवसांत पाऊस झाला की डाऊनी रोगाच्या फवारणीला काही तासांचीच सवड मिळते. त्या तासांत ट्रॅक्टर बंद पडला तर त्या वर्षीचं पीक हातचं जातं. सांगोल्याच्या डाळिंबवाल्याला, निफाडच्या द्राक्षवाल्याला हे वेगळं सांगायला नको. आणि हा प्रश्न फक्त बागायतदाराचाही नाही. २०१५-१६ च्या कृषी गणनेत महाराष्ट्रातलं सरासरी धारणक्षेत्र १.३४ हेक्टर भरलं होतं. एवढ्या रानाला पन्नास एचपीचा ट्रॅक्टर परवडत नाही आणि बैलजोडी सांभाळायला घरात माणूस उरलेला नाही. छोटा ट्रॅक्टर हीच तिथली गरज आहे.

कंपन्यांनी ही गरज ओळखली, हे चांगलं झालं. महिंद्राचा जिवो, कुबोटाचा निओस्टार, व्हीएसटी, स्वराज, सोनालिका, राजकोटचा कॅप्टन असे बरेच पर्याय आहेत. २०२३ मध्ये महिंद्राची ओजा मालिका आणि स्वराजचा टार्गेट आला. निवडीला वाव वाढला, पण तुलना करणं तितकंच अवघड राहिलं.

पुतण्यासाठी ट्रॅक्टर बघताना सांगली, तासगाव आणि विट्याच्या शोरूममधून मिळालेले कागद माझ्यासमोर आहेत. पहिल्या लेटरहेडवर मॉडेलचं नाव, त्याखाली ‘ऑन रोड’ म्हणून एकच गोल आकडा आणि कोपऱ्यात पेनाने लिहिलेलं ‘डिस्काउंट बोलून’. दुसऱ्या कागदावर एक्स-शोरूम, आरटीओ, विमा, ॲक्सेसरीज आणि ‘हँडलिंग’ अशा ओळी आहेत. पण ॲक्सेसरीजमध्ये हूड, बंपर आणि टोचन धरलंय का, ते लिहिलेलं नाही. तिसऱ्या ठिकाणी कागद मिळालाच नाही. व्हिजिटिंग कार्डाच्या मागे आकडा लिहून दिला आणि वर बजावलं, “हा दुसऱ्या शोरूमला दाखवू नका, नाहीतर हा भाव गेला.” एका आकड्यात विमा आहे, दुसऱ्यात नाही, एकात जुन्या ट्रॅक्टरची किंमत वाढवून धरलीय आणि तेवढीच सूट कमी केलीय. यातला स्वस्त कोणता? दहावीपर्यंत गणितात पैकीच्या पैकी घेणारा पोरगासुद्धा सांगू शकणार नाही, कारण हे आकडे एका मापाचे नाहीतच. भाव विचारायला गेलेला माणूस शेवटी कंटाळतो आणि ज्याने चहा पाजून दोन गोष्टी गोड बोलल्या त्याच्याकडे बयाणा देऊन मोकळा होतो.

आता अनुदानाकडे येतो, कारण ते आपल्या खात्याचं आहे. ट्रॅक्टरसाठी अनुसूचित जाती-जमाती, महिला आणि अल्प-अत्यल्पभूधारक यांना किमतीच्या ५० टक्के, कमाल १.२५ लाख, इतरांना ४० टक्के, कमाल १ लाख. दोन्ही हिशेब करून बघा. किंमत २.५० लाखांच्या वर गेली की दोन्ही गटांचं अनुदान मर्यादेला टेकतं. बागेत चालणारे बहुतेक छोटे ट्रॅक्टर त्याच्या बरेच वर आहेत. म्हणजे २.५० लाखांनंतरचा प्रत्येक रुपया एकट्या शेतकऱ्याच्या खिशातून जातो, आणि भाव पाडून घेण्याची गरज त्याला सगळ्यात जास्त असते. पण नेमक्या त्याच वेळी त्याचे हात बांधले जातात. पूर्वसंमती हातात पडली की ठरावीक मुदतीत खरेदी करून बिल चढवायचं असतं. मुदत चुकली की नंबर गेला. आधी सोडत होती, आता प्रथम अर्ज करणाऱ्याला प्राधान्य आहे. दोन्हीकडे मिळालेली संधी सोडायची कुणाची हिंमत होत नाही. विक्रेत्याला हे पक्कं ठाऊक असतं. शोरूममध्ये पाय ठेवला की पहिला प्रश्न येतो, “अनुदानात बसलाय का?” होय म्हटलं की सुटीची भाषा थंडावते. “तुम्हाला सरकार सव्वा लाख देतंयच की,” हे वाक्य मी माझ्या कानांनी ऐकलं आहे. शेतकऱ्यासाठी काढलेल्या पैशाचा एक वाटा अशा रीतीने न दिलेल्या सुटीच्या रूपाने परत दुकानात जातो. हा वाटा किती, ते आपल्याकडच्या बिलांवरूनच काढता येईल. अनुदानावर घेतलेल्या आणि अनुदानाविना घेतलेल्या ट्रॅक्टरच्या भावात फरक पडतो का, हे तपासण्याइतका पुरावा आपल्या विभागाकडे आणि आरटीओकडे मिळून नक्की आहे.

जीएसटीचंही तेच. २२ सप्टेंबर २०२५ पासून ट्रॅक्टरवरचा कर १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला, ट्रॅक्टरच्या टायरवरचा १८ वरून ५ वर आला. मोठा दिलासा आहे, आणि तो देणाऱ्यांचे मी मनापासून आभार मानतो. पण समजा, करापूर्वीची किंमत ५ लाख आहे. आधी ती करासह ५.६० लाख होत होती, आता ५.२५ लाख. ३५ हजारांचा फायदा. आता समजा, आधी त्याच ट्रॅक्टरवर ४० हजारांची सूट मिळत होती आणि कर कमी झाल्यावर सूट १० हजारांवर आली. शेतकऱ्याने आधी ५.२० लाख दिले असते, आता ५.१५ लाख दिले. ३५ हजारांतले ३० हजार वाटेतच राहिले, आणि जाहिरातीत मात्र ‘जीएसटी बचत ३५ हजार’ असं छापता आलं. त्यात खोटं काहीच नाही. हाती पडलेल्या किमतीची नोंद लोकांसमोर नसली की करकपातीचा हिशेब विचारायला कुणाकडे आधारच राहत नाही.

कर्जाची बाब मी थोडक्यात सांगतो, कारण ती आपल्या अखत्यारीत नाही. पण तिथून शिकण्यासारखं आहे. शोरूममध्येच वित्त कंपनीचा माणूस बसलेला असतो. तो म्हणतो, “नऊ टक्के फ्लॅट.” चार लाखांवर पाच वर्षांत १.८० लाख व्याज, म्हणजे सहामाही दहा हप्ते, प्रत्येकी ५८ हजार. मुद्दल दर हप्त्याला कमी होत जाते, तरी व्याज शेवटपर्यंत पूर्ण चार लाखांवरच धरलेलं असतं. घटत्या शिलकीवर मांडलं तर हाच दर वर्षाला पंधरा टक्क्यांच्या जवळ जातो. ही लपवाछपवी थांबावी म्हणून रिझर्व्ह बँकेने १ ऑक्टोबर २०२४ पासून किरकोळ कर्जांसाठी एक मुख्य तथ्यपत्रक बंधनकारक केलं. सगळे खर्च धरून वर्षाचा खरा दर किती पडतो, तो त्यात ठरलेल्या नमुन्यात आणि कर्जदाराला समजेल अशा भाषेत लिहावा लागतो. कर्ज देणाऱ्याला जे बंधन घालता आलं, ते अनुदानपात्र यंत्र विकणाऱ्याला घालता येणार नाही, असं कोण म्हणेल?

आणि खुद्द आपल्या खात्याचं उदाहरण आहे. खत नियंत्रण आदेश, १९८५ प्रमाणे प्रत्येक कृषी सेवा केंद्राला साठा आणि भाव यांचा फलक दुकानात लावावा लागतो, विक्रीची पावती द्यावी लागते. आपले गुणनियंत्रण निरीक्षक तो फलक तपासतात. अडीचशे-पावणेतीनशे रुपयांच्या युरियाच्या थैलीचा भाव फळ्यावर लिहिला नाही म्हणून नोटीस निघू शकते. पाच लाखांच्या यंत्राचा भाव व्हिजिटिंग कार्डाच्या मागे लिहून दिला तरी कुणाला काही वाटत नाही. खतावर सरकारचं अनुदान आहे म्हणून तो फलक आहे, असं म्हणाल तर ट्रॅक्टरवरही आहे.

ठरलेला नमुना म्हणजे काय, तेही सांगतो. करापूर्वीची किंमत, कर, नोंदणी, विमा या ओळी स्वतंत्र हव्यात. विमा शोरूममधूनच घ्यावा अशी सक्ती नाही, हे त्याच ओळीत छापलेलं हवं. हूड, बंपर, टोचन, टॉपलिंक, ड्रॉबार यांतलं काय किमतीत आहे आणि काय वरून घ्यायचं, ते नावानिशी हवं. दिलेली सूट आकड्यात हवी, आणि जुना ट्रॅक्टर देऊन घेतला असेल तर त्याची किंमत सुटीत मिसळलेली नको. चेसिस क्रमांकाबरोबर निर्मितीचा महिना आणि वर्षही लिहिलेलं हवं. वर्षाअखेरीस तयार झालेला ट्रॅक्टर नव्या वर्षात ‘नवाकोरा’ म्हणून विकला जातो आणि पुढे विकायला काढला की घेणारा पहिल्यांदा वर्षच बघतो. पंधरा-वीस हजारांचा घाटा तिथेच ठरतो. शोरूमबाहेर डेमोला फिरलेला ट्रॅक्टर असेल तर अवर मीटरवरचे तासही लिहायला हवेत. या नमुन्यात नसलेलं दरपत्रक महाडीबीटीवर स्वीकारलं जाणार नाही, एवढी एकच अट घातली तर महिनाभरात राज्यातलं प्रत्येक शोरूम तो नमुना छापून घेईल.

एचपीबद्दल दोन शब्द. बॉनेटवर लिहिलेले चोवीस एचपी हे इंजिनाचे असतात. ब्लोअर चालतो पीटीओवर, म्हणजे ट्रॅक्टरच्या मागच्या फिरत्या दांड्यावर, आणि पीटीओवर त्यातले काही एचपी कमीच मिळतात. किती कमी, तासाला डिझेल किती, हायड्रॉलिक किती किलो उचलतं, हे सगळं मध्य प्रदेशातल्या बुदनीच्या केंद्रीय कृषी यंत्र प्रशिक्षण व परीक्षण संस्थेच्या अहवालात मोजून दिलेलं असतं. ही संस्था १९५५ पासून आहे. अनुदानासाठी आपण मान्यताप्राप्त संस्थेचा तपासणी अहवाल मागताच. पण तो विक्रेत्याकडून घेऊन चढवायचा एक कागद एवढंच त्याचं काम उरलं आहे. शेतकरी तो उघडून बघत नाही, कारण त्यातलं कुठलं पान बघायचं हे त्याला कुणी सांगितलेलं नाही. भावाच्या तक्त्यातच शेजारी पीटीओची ताकद, तासाचं डिझेल आणि उचल हे तीन आकडे द्या. मग दोन ट्रॅक्टरमधला तीस हजारांचा फरक कशाचा आहे, ते बांधावर बसून समजेल.

विक्रेत्यांची बाजूही मला ठाऊक आहे, आणि ती खोटी नाही. ते म्हणतील, भाव उघडा झाला की जो तो सगळ्यात कमी आकड्याच्या मागे धावेल, आणि वर्कशॉप चालवणारा, मिस्त्री सांभाळणारा, सुटे भाग भरून ठेवणारा विक्रेता मरेल. त्यांच्या धंद्यात नफ्याचं प्रमाण कमी आहे आणि कंपनीचं टार्गेट डोक्यावर असतं, हेही खरं. पण शेतकऱ्याला एवढं कमी समजतं असं धरून चालू नका. फोर्स मोटर्ससारख्या पुण्याच्या जुन्या कंपनीने ३१ मार्च २०२४ ला ट्रॅक्टरचा व्यवसायच बंद केला. तिचे ऑर्चर्ड ट्रॅक्टर बागांमधून वापरात होते. कंपनी थांबली की सुट्या भागांची चिंता मालकाच्या गळ्यात येते, हे त्या दिवशी सगळ्यांना कळलं. फवारणीच्या दिवशी फोन उचलणारा मिस्त्री दहा किलोमीटरवर असेल तर त्यासाठी दहा हजार जास्त द्यायला आमची ना नाही. आम्हाला फक्त हे दहा हजार कशाचे आहेत ते कळायला हवं. म्हणूनच मी नुसता सगळ्यात कमी भाव मागत नाही, बाजार समितीसारखे तिन्ही आकडे मागतो. सर्वसाधारण दरापेक्षा थोडा वर असणारा चांगला विक्रेता आपल्या वर्कशॉपच्या जोरावर तो भाव सांगू शकेल. ज्याच्याकडे सांगण्यासारखं काही नाही, त्याला मात्र अडचण येईल, आणि ती यायलाच हवी.

दुसरी अडचण हद्दीची. “तुमचा तालुका आमच्याकडे नाही, तिकडच्याच शोरूमला जा,” असं सांगून शेतकऱ्याला परत पाठवलं जातं. कंपन्या विक्रेत्यांना हद्दी वाटून देतात, त्याला त्यांची कारणं असतील. पण अनुदानाच्या योजनेत शेतकऱ्याने राज्यात कुठल्याही अधिकृत विक्रेत्याकडून घ्यावं, आणि हद्दीच्या कारणाने कुणी नकार देऊ नये, एवढं परिपत्रक आपण काढू शकता. कंपनीने विक्रेत्याला हवं तसं बांधावं, असंही नाही. विक्रेत्याने किती सूट द्यायची यावर कंपनीने बंधन घालणं स्पर्धा कायद्यात बसत नाही, असं स्पर्धा आयोगाने २०२१ मध्ये मोटारींच्या बाबतीत सांगितलं आणि मारुती सुझुकीला २०० कोटींचा दंड ठोठावला. कंपनी त्याविरुद्ध अपिलात गेली. मोटारी घेणाऱ्या शहरी ग्राहकासाठी हा प्रश्न आयोगापर्यंत पोचला. ट्रॅक्टर घेणाऱ्यासाठी तो निदान आपल्या टेबलापर्यंत पोचावा, म्हणून हे पत्र.

कुणी म्हणेल, बिलावर एक आकडा आणि व्यवहारात दुसरा, असं होईल. सूट रोखीत देतील आणि यादी फसवी निघेल. थोडं होईलही. पण अनुदान मर्यादेला टेकलेलं असल्यामुळे बिल फुगवून शेतकऱ्याला काही मिळत नाही, त्यामुळे त्याची साथ मिळणार नाही. शिवाय जागेवर तपासणीला आपले सहायक कृषी अधिकारी येतातच. ट्रॅक्टरसोबत फोटो काढताना “बिलाप्रमाणेच पैसे दिले ना?” एवढा प्रश्न त्यांनी विचारला आणि उत्तर नोंदवलं, तरी पुष्कळ काम होईल.

सगळ्या राज्यात एकदम नको असेल तर सांगली, सोलापूर आणि नाशिक या तीन जिल्ह्यांपासून सुरुवात करा, आणि तीस एचपीपर्यंतच्याच ट्रॅक्टरपासून करा. बिलं आपल्याकडे आहेत, संकेतस्थळ आपलं आहे, तिन्ही जिल्ह्यांत जिल्हा अधीक्षक कृषी अधिकारी बसलेले आहेत. छाटणीच्या तोंडावर या भागात ट्रॅक्टरची विचारपूस सगळ्यात जास्त असते. ऑक्टोबर छाटणीच्या आधी पहिली यादी लावा, एवढी विनंती आहे.

आपला,
तासगाव तालुक्यातील एक द्राक्ष बागायतदार